गज टेकण्याआधी

१

डबल बेस वाजवणाऱ्यांची चेष्टा कुणीही करावी. त्यांचं वाद्य माणसाहून उंच, जिन्याच्या वळणावर अडकणारं, गाडीत न मावणारं. आणि आवाज असा, की गज तारेवर फिरला तरी सूर लगेच उठत नाही. जाडजूड माणूस खुर्चीतून उठायला जेवढा वेळ घेतो तेवढा घेतो. म्हणून वाद्यवृंदात डबल बेसवाले कायम किंचित मागे. संचालक त्यांना दर तालमीला तेच सांगायचे, की इतरांच्या केसभर आधी सुरू करा, म्हणजे बरोबरीने ऐकू याल.

ताईला हे तीस वर्षं पाठ होतं. तंतुवाद्यं दुरुस्त करण्याचं काम ती वडिलांच्या हाताखाली शिकली आणि त्यांच्यामागे एकटीने चालवत आली. वाद्यवृंदाची सगळी तंतुवाद्यं तिच्याच देखरेखीखाली होती. महिन्यातून एक सकाळ ती तालमीच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत जाऊन बसायची, डोळे मिटायची आणि ऐकायची, कुणाची तार खरखरतेय, कुणाचा सांधा सुटतोय. कागदावर टिपून घ्यायची आणि घरचा रस्ता धरायची.

त्या सकाळी मात्र तिने डोळे उघडे ठेवले होते. तिला भावाचा हात बघायचा होता.

भाऊ तिच्याहून आठ वर्षांनी धाकटा. सगळे त्याला बारक्या म्हणत. नाव लहानपणी पडलं. पुढे तो सहा फूट वाढला, दारातून वाकून आत यायला लागला, तरी नाव तेवढंच राहिलं. चार बेसवाल्यांत तो पहिला उभा होता, आणि त्याच्या हातात वाद्यवृंदाच्या मालकीचा दोनशे वर्षांचा जुना बेस होता, गडद तपकिरी, रुंद खांद्यांचा.

संचालकांनी एक संथ तुकडा त्याला एकट्याला वाजवायला सांगितला. त्याचा उजवा हात उठला, आणि तो थरथरत नव्हता.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की सूर आधी आला होता. गज तारेवर टेकला तो मागून.

तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला. पुढचा सूर, तसंच. त्याच्या पुढचा, तसंच. फरक पापणी लवण्याइतकाच होता, पण कानांवरच तिचं पोट भरत होतं. ती स्वतःला समजावू लागली, की हॉल मोठा आहे, आपण लांब बसलोय. पण लांब कुणी लाकूड तोडत असेल तर आधी कुऱ्हाड पडलेली दिसते आणि ठोका मागून ऐकू येतो. लांब बसल्याने झाला तर उशीर व्हायला हवा. आधी कसं ऐकू येईल?

तुकडा संपला. संचालकांनी काठी खाली ठेवली आणि म्हणाले, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा बेस वेळेवर आला. सगळे हसले. बारक्या हसला नाही. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसा.

२

थरथर सुरू झाली होती वर्षापूर्वी. आधी कप बशीवर वाजायला लागला, मग सही बिघडली, मग गज तारेवरून उड्या मारायला लागला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, की हे औषधाने जाणारं नाही, फार तर कमी होईल. वाद्यवृंदाने हंगाम संपेपर्यंत मुदत दिली. बारक्याला दुसरं काही येत नव्हतं. बाराव्या वर्षापासून त्याने दुसरं काही केलंच नव्हतं.

त्याच सुमारास बेसवाल्यांतले सगळ्यात म्हातारे सर निवृत्त झाले आणि चाळीस वर्षं त्यांच्याकडे असलेला जुना बेस वाद्यवृंदाकडे परत आला. तो मोठा आणि अवजड म्हणून कुणी घेईना. बारक्याने घेतला. आठवडाभरात थरथर गेली.

तालमीहून ताई परस्पर भावाच्या घरी गेली. भावजय नर्सचं काम करायची आणि त्या दिवशी तिला सुट्टी होती. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. भावजय खुशीत होती, हंगामानंतरही नोकरी टिकणार असं संचालक स्वतः म्हणाल्याचं तिने दोनदा सांगितलं. मग भाजी निवडता निवडता तिचे हात मंदावले.

"ताई, कप अजून वाजतो बरं का," ती म्हणाली. "शर्टाची बटणं मीच लावते. फक्त तिथे, बेसवर, हात थरथरत नाही."

ताईने विचारलं, घरी रियाज करतो ना? भावजयीने मान हलवली. पूर्वी रोज तीन तास करायचे, ती म्हणाली, आता गरज नाही म्हणतात. नवीन कार्यक्रमाची स्वरलिपी आली तीही पाकिटातच पडून होती.

"आणि थकत नाहीत," ती म्हणाली. "पूर्वी तालमीहून आले की पाठ धरून बसायचे. आता येतात ते नुसते फिरून आल्यासारखे. चांगलंच आहे म्हणा."

ताईने चांगलंच आहे असं म्हटलं. मग दोघी दुसऱ्या विषयावर बोलल्या.

३

परदेश दौऱ्याआधी प्रत्येक वाद्य तपासून त्याला ठीक असल्याची चिठ्ठी द्यावी लागे. त्या निमित्ताने ताईने जुना बेस चार दिवस कारखान्यात ठेवून घेतला. सरांकडे असताना तो तिच्याकडे दुरुस्तीला कधीच आला नव्हता. कारखाना म्हणजे तिच्या घराखालची एक लांबट खोली, एका बाजूला खिडकी, मधे टेबल, भिंतीवर हत्यारं, आणि सरसाचा वास, जो तिला स्वतःला आता येतही नसे.

जुन्या वाद्यावर माणसांच्या खुणा असतात. वाजवणारा जिथे पोट टेकतो, जिथे डावा खांदा घासतो, तिथला रंग झिजून लाकूड गुळगुळीत होतं, जिन्याच्या कठड्यासारखं. या बेसवर त्या सगळ्या खुणा नेमक्या जागी होत्या. तिने सांधे ठोकून पाहिले. सगळे पक्के. तारा, घोडी, खुंट्या, सगळं जिथल्या तिथे. दोनशे वर्षांच्या वाद्यात एकही दोष नाही याचं तिला आधी कौतुक वाटलं आणि मग ते आवडेनासं झालं.

समोरच्या फळीला दोन नागमोडी फटी असतात. एका फटीतून तिने वायरवरचा छोटा दिवा आत सोडला आणि दातांचे डॉक्टर वापरतात तसला लांब दांड्याचा आरसा घालून आत पाहिलं. वाद्याच्या आत कुणी रंग लावत नाही, पॉलिश करत नाही. लाकूड कोरडं, काळपट, वर धुळीचे गोळे. हे ती हजार वेळा बघत आली होती.

इथेही धूळ होती. पण वरच्या बाजूला, खांद्याच्या वळणापाशी, नव्हती. तिथे लाकूड चमकत होतं. तिने आरसा फिरवला. मागच्या फळीवर, पोटाच्या उंचीला, आणखी एक चकचकीत जागा. या झिजेच्या खुणा होत्या, बाहेर होत्या त्याच उंचीवर, तशाच आकाराच्या. फक्त आतून.

ताई खुर्चीवर बसली आणि एकेक कारण काढत गेली. आधीच्या कुणा कारागिराने आतून घासलं असेल. ओल लागून डाग पडला असेल. सरस सांडून वाळला असेल. सगळी कारणं पटण्यासारखी होती आणि एकही पटलं नाही, कारण घासलेलं लाकूड कसं दिसतं, डाग कसा दिसतो आणि सरस कसा दिसतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. हा गुळगुळीतपणा अंग लागून येतो. त्याला वर्षं जातात.

तिने दिवा बाहेर काढला. वायरला धूळ लागलेली असणार म्हणून फडकं घेतलं, तर वायर ओलसर होती.

४

दुसऱ्या दिवशी ती म्हाताऱ्या सरांना भेटायला गेली. ते मुलीकडे राहत होते, तिसऱ्या मजल्यावर. मुलीने दार उघडलं, बाबा ओळखतील असं नाही असं हळूच सांगितलं आणि ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली.

सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्यांनी ताईला लगेच ओळखलं. तिच्या वडिलांची आठवण काढली, ते घोडी कशी बसवायचे ते हाताने करून दाखवलं. बोलणं स्वच्छ होतं, फक्त आवाजात जीव नव्हता. आता तो बेस बारक्या वाजवतो असं ताईने सांगितल्यावर ते खिडकीबाहेर बघू लागले.

"थकतो का तो?" त्यांनी विचारलं.

ताई नाही म्हणाली.

"मीपण नाही थकलो कधी."

ताईने काय विचारायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण ते शब्द आता खुळ्यासारखे वाटायला लागले. शेवटी तिने एवढंच विचारलं, की वाजवताना काही वेगळं जाणवायचं का.

सरांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून, जुना पत्ता आठवावा तसा.

"पहिलं वर्ष मी वाजवलं," ते म्हणाले. "नंतर आपलं बाजूला उभा राहायचो."

आणि ते थोडंसं हसले. ही थट्टा आहे असं समजून ताईही हसली. पण सर हसायचे थांबले तरी तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी विचारलं, तू कोण. ताईने सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं.

जिन्यात तिला मुलगी भेटली. बाबांना इथे आणल्यापासून हे असंच आहे, ती म्हणाली. चाळीस वर्षांतलं त्यांना फारसं काही आठवत नाही. माझं लग्नही नाही. त्याआधीचं मात्र सगळं लख्ख आठवतं.

५

चौथ्या दिवशी दुपारी बारक्या बेस न्यायला आला. दारातून वाकून आत आला, चिठ्ठी तयार आहे का म्हणून विचारलं. ताई म्हणाली, एकदा माझ्यासमोर वाजव, मग देते. तो जरा कुरकुरला, पण उभा राहिला. खिडकीतून ऊन सरळ बेसवर पडत होतं.

ताई खाली स्टुलावर बसली. दिव्याची वायर आत असती तर खडखडली असती, म्हणून तिने नुसता आरसा घेतला आणि जवळच्या फटीतून आत सरकवला. दुसऱ्या फटीतून आत गेलेलं ऊन मागच्या फळीवर पडलं होतं, नागमोडी, पिवळं, स्वच्छ. तिला ते आरशात दिसत होतं.

सूर आला. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, गज अजून हवेत होता. मग तो टेकला.

इतक्या जवळून तो सूर कानाने ऐकायचा राहिला नव्हता, तो दाढांत आणि गुडघ्यांत वाजत होता. ताईने आरसा स्थिर धरला. उन्हाचा पिवळा पट्टा तसाच होता. खांद्याजवळच्या जुन्या चकचकीत खुणेच्या बाजूला तिला आणखी एक खूण दिसली, फिकट, नुकती धरायला लागलेली. ती जुन्या खुणेहून वर होती. बारक्या सरांपेक्षा चांगला वीतभर उंच होता.

मग पट्टा विझला.

कुणी खिडकीसमोर येऊन उभं राहिलं की घरात अंधार होतो, तसा. ताईने मान वळवून पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. ऊन होतं, ते बेसच्या पुढच्या फळीवर, दोन्ही फटींवर, सगळीकडे पडलेलं होतं. तिने पुन्हा आरशात पाहिलं. आत काळोख होता. ऊन त्या फटीपर्यंत येत होतं आणि आतल्या बाजूने अडत होतं. तिने आरसा जरा तिरपा केला, म्हणजे ती फट आतून दिसेल, पण काही दिसेना, कारण आरशावर वाफ धरली होती.

ताईचं तोंड बाहेर होतं, हातभर लांब.

तिने आरसा ओढून घेतला. "बस कर," ती म्हणाली.

सूर चालूच राहिला.

"बारक्या, थांब."

"ताई," तो म्हणाला, अगदी सावकाश, तिला दुखू नये असं काहीतरी सांगायचं असल्यासारखा. "मी केव्हाच थांबलोय."

गज फिरत होता. बारक्याचा हात गजाच्या मागून जात होता, दोरीवर वाळत घातलेल्या शर्टाची बाही वाऱ्याने हलावी तसा. चेहरा खिडकीकडे होता आणि त्यावर काहीच नव्हतं, ना भीती, ना कष्ट.

वाद्याच्या आत, पुढच्या आणि मागच्या फळीच्या मधे, वीतभर लांबीचा एक गोल लाकडी टेकू उभा असतो. त्याला गोंद नाही, खिळा नाही, नुसता दाबून बसवलेला. तो पडला की वाद्य मुकं होतं. तारा कसलेल्या असताना तो पाडू नये, फळी फुटते. ताईने हे शिकायला येणाऱ्यांना रागावून रागावून सांगितलं होतं. तिने भिंतीवरचा वाकडा आकडा घेतला, फटीतून आत घातला आणि सगळा जोर लावून टेकूवर मारला.

टेकू आत घरंगळला. सूर मधेच तुटला. गज खाली पडला, आणि बारक्या होता तिथेच जमिनीवर बसला.

मग ताईने पाहिलं, त्याचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, पूर्वी थरथरायचा त्याहून जास्त. तो डाव्या हाताने त्याला दाबून धरत होता आणि ते जमत नव्हतं.

"परत बसव तो," बारक्या म्हणाला.

"तू वाजवत नव्हतास रे."

"मला माहीत आहे. पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे." त्याने हात वर करून तिच्यासमोर धरला. "हे बघ ना, ताई. याचं मी काय करू?"

तो लहान असताना गुडघा फुटला की तिच्याकडेच यायचा, आणि ती काहीतरी करायचीच. या वेळी ती टेकू परत बसवायला नाही म्हणाली. तीन वेळा म्हणाली. चौथ्यांदा त्याने विचारलं नाही.

६

तिने बेस हलवून हलवून टेकू फटीतून बाहेर काढला आणि टेबलाच्या खणात ठेवला. चिठ्ठीवर लिहिलं, वाद्य सदोष आहे, टेकू काढला आहे, वापरू नये. वाद्यवृंदाची माणसं बेस घेऊन गेली. संचालकांचा फोन आला, ते नाराज होते. बारक्याचा आला नाही. ती दोनदा त्याच्या घरी गेली. भावजयीने दार उघडलं, ते झोपलेत असं सांगितलं आणि आत या म्हटलं नाही. तिचे डोळे सुजलेले होते. ताईला वाटलं, भावाची नोकरी गेली, आपण घालवली. रात्री नीट झोप लागेना. पण दिवसा हत्यारं पुसताना तिला वाटायचं, निदान तो आहे. थरथरतोय, पण तोच आहे.

तीन आठवड्यांनी, दुपारी कामाला बसते तोच फोन वाजला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक वाद्य दुरुस्त करणारे गृहस्थ होते, तिच्या वडिलांच्या वेळचे, चांगल्या मनाचे. वाद्यवृंदाने जुना बेस त्यांच्याकडे पाठवला होता. तुझ्या माघारी तुझं काम करतोय म्हणून रागावू नकोस, ते म्हणाले. ताई म्हणाली, राग कसला.

"तुझी चिठ्ठी वाचली, टेकू काढलाय म्हणून," ते म्हणाले. "नवीन करायला लाकूडही काढून ठेवलं. पण आत बघतो तर टेकू उभा आहे. आणि काय बसवलायस. पोरी, मला नसता जमला. एकच सांग, लाकूड कुठलं वापरलंस? पांढरं आहे, आणि त्याला शीर एकही नाही."

ताईने खण उघडला. टेकू तिथेच होता, तिने ठेवला तसा आडवा. तिने विचारलं, मधे कुणी वाद्य उघडलं होतं का. ते नाही म्हणाले. तुझ्याकडून निघालं ते कुलुपात होतं, आज सकाळीच तुझा भाऊ घेऊन आला. फार खुशीत आहे. समोरच उभा आहे, बोल त्याच्याशी.

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली. ताईने हाक मारली नाही. ती नुसती ऐकत राहिली. तेच तिला येत होतं.

आधी दोन सूर आले, दोन्ही जाड तारेवरचे, अगदी हलके. एक खालचा, आणि एक त्याहून जरासा वर.

मग भाऊ म्हणाला, "ताई." खालचं ता, आणि जरासं वर ई.